गाळ्याच्या दारातला रोबो

सकाळी तुळिंज रस्त्यावर माणसांचे दोन लोंढे दिसतात. एक नालासोपारा स्टेशनाकडे, चर्चगेटची लोकल पकडायला धावणारा. दुसरा उलट दिशेने, शेअर रिक्षात दाटीवाटीने बसून वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हारच्या गाळ्यांकडे निघालेला. मुंबईत जागा परवडेनाशी झाली तसे छोटे कारखानदार वसईची खाडी ओलांडून वसईच्या पट्ट्यात आले आणि इथे गाळ्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. कुठे प्लास्टिकचं मोल्डिंग चालतं, कुठे पत्र्याचं प्रेसकाम, कुठे बफिंग, कुठे पॅकिंग. बहुतेक गाळ्यांत काम करणारे हात दोन आकड्यांत मोजता येतील एवढेच.

रोबो-उद्योग कुठे चालला आहे, या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपण सहसा टोकियो, शेन्झेन किंवा कॅलिफोर्नियाकडे पाहतो. तिथे दिसतं ते भव्य असतं: नाचणारे, कोलांट्या मारणारे, कपडे घडी करणारे मानवाकृती रोबो. पण येत्या काही वर्षांत या उद्योगापुढची खरी परीक्षा साध्या जागी आहे. मोठ्या मोटार कारखान्यांत रोबो केव्हाच रुजला. तो दहा-पंधरा माणसांच्या गाळ्यात शिरू शकेल का, यावर त्याचा पुढचा विस्तार ठरणार आहे. हे प्रकरण गाळ्याच्या त्या दाराबद्दल आहे. ते आजवर बंद का राहिलं, आता किलकिलं का होतंय, आणि ते उघडलं तर कोणाचं काय होईल, हे पाहू.

जिल्ह्यातले जुने रोबो

पालघर जिल्ह्यात माणसाऐवजी यंत्राचा हात कामाला लागल्याला बरीच वर्षं झाली. डहाणूच्या लोकलने बोईसरला उतरलं की जवळच तारापूरचं अणुऊर्जा केंद्र आहे. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती करू लागल्या. पुढे ५४० मेगावॉटच्या आणखी दोन आल्या, एक २००५ मध्ये आणि दुसरी २००६ मध्ये.

या नव्या अणुभट्ट्यांचं वैशिष्ट्य असं, की इंधन बदलण्यासाठी त्या बंद कराव्या लागत नाहीत. प्रत्येक भट्टीत ३९२ आडव्या नळ्या आहेत आणि त्यांत युरेनियमच्या कांड्यांचे जुडगे असतात. भट्टी चालू असतानाच एका बाजूचं यंत्र ठरलेल्या नळीच्या तोंडाशी जाऊन घट्ट बसतं, तिचं झाकण काढतं आणि ताजं इंधन आत ढकलतं. त्याच वेळी समोरच्या टोकाला जोडलेलं दुसरं यंत्र जळालेलं इंधन झेलतं. हे सगळं प्रचंड दाबाखाली आणि तीव्र किरणोत्सारात घडतं. चालक दूर नियंत्रण कक्षात बसलेला असतो. नळ्यांची आतून तपासणी करण्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘बार्सिस’ नावाची दूरनियंत्रित यंत्रणाही तयार केली.

ही यंत्रं आली त्यामागे मजुरी वाचवण्याचा विचार नव्हता. माणूस तिथे जाऊच शकत नाही म्हणून ती आली. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार कामगाराला मिळणारी किरणोत्साराची मात्रा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या आत राहावी लागते, आणि कोणत्याही एका वर्षात ती ३० च्या वर जाता कामा नये. प्रत्येकाच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला असतो. मर्यादा कागदावर ठरली, ती मोजली गेली आणि पाळली गेली. त्यामुळे यंत्राच्या हाताला पर्याय उरला नाही.

जगातल्या पहिल्या औद्योगिक रोबोची कथाही अशीच आहे. जॉर्ज डेव्हॉलने कल्पिलेला आणि जोसेफ एंगलबर्गरने बाजारात आणलेला ‘युनिमेट’ १९६१ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला. त्याचं काम एकच: डाय-कास्टिंग यंत्रातून निघालेला तापलेला धातूचा भाग उचलून बाजूला ठेवायचा. भाजण्याचा आणि हात चिरडण्याचा धोका असलेली ती जागा होती.

म्हणजे रोबो कामावर येण्याची तीन कारणं धरता येतात. माणूस तिथे टिकत नाही, किंवा माणसाला तिथे पाठवायला कायदा मनाई करतो, किंवा माणूस महाग पडतो. वसईच्या गाळ्यात या तिन्हींपैकी एकही कारण आजवर नीट लागू झालं नाही. का, ते आकड्यांतून पाहू.

शेठचा हिशेब

समजा, मोल्डिंगच्या एका यंत्राशी दोन पाळ्यांत एकेक हेल्पर उभा आहे. यंत्र उघडलं की तयार माल काढायचा, स्प्रू, म्हणजे मालाला चिकटून आलेला प्लास्टिकचा जादा दांडा, तोडायचा, माल क्रेटमध्ये रचायचा. प्रत्येकाला महिन्याला १६ हजार रुपये धरले, तर वर्षाचा खर्च ३ लाख ८४ हजार होतो. आता त्याच जागी साधारण दहा लाखांचा रोबो-हात आणू. हात एकटा येत नाही. माल पकडायला ग्रिपर लागतो, माल दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून फिक्श्चर लागतं, टेबल, सेन्सर, जाळी, यंत्राशी जोडणी आणि हे सगळं बसवून देणारा माणूस लागतो. हा वरखर्च बहुतेक वेळा हाताच्या किमतीइतका होतो, कधी त्याहून जास्त. वीस लाख धरा. व्याज, दुरुस्ती आणि वीज गेल्यामुळे वाया जाणारे तास बाजूला ठेवले, तरी पैसे वसूल व्हायला पाच वर्षांहून जास्त लागतात. जिथे कामगारावरचा खर्च दहापट आहे, तिथे हेच वीस लाख सुमारे सहा महिन्यांत निघतात.

दुसरी अडचण पैशांहून मोठी आहे. मोटार कारखान्यात एकच काम वर्षानुवर्षं चालतं. गाळ्यात मात्र सोमवारी पाच हजार झाकणं, गुरुवारी दोन हजार मुठी, पुढच्या आठवड्यात तिसऱ्याच पार्टीचं जॉबवर्क. डाय बदलली की मालाचा आकार बदलतो. माणसाला ‘आता हे असं धर’ एवढं सांगून भागतं. रोबोला नवं फिक्श्चर, नवा ग्रिपर आणि नवा प्रोग्रॅम लागतो. दोन दिवसांच्या ऑर्डरसाठी दोन दिवसांची तयारी कोणी करणार नाही.

याचं मूळ रोबोच्या स्वभावात आहे. आजचा चांगला हलका रोबो-हात एकाच जागी पुन:पुन्हा ०.०३ मिलिमीटरच्या फरकाने पोचतो. कोणत्याही कारागिराला न जमणारा हा नेमकेपणा आहे. पण तो अंधारात स्वतःच्या घरात सराईतपणे वावरणाऱ्या माणसासारखा असतो. कोणी पाट जरासा सरकवला की ठेचकाळतो. माल दोन मिलिमीटर तिरका पडला की ग्रिपर हवेत मिटतो किंवा मालावर आदळतो. म्हणून आजवर रोबोभोवती सगळं जग सरळ रेषेत आखून द्यावं लागलं, आणि ते आखणं हाच खरा खर्च ठरला.

पुण्याने शिकवलेलं

हा खर्च कमी करण्याची एक मोठी पायरी डेन्मार्कमधल्या ओडेन्से शहरात घडली. २००५ मध्ये तिथे युनिव्हर्सल रोबोट्स ही कंपनी स्थापन झाली आणि २००८ मध्ये तिचा पहिला हलका हात विकला गेला. त्यात दोन गोष्टी नव्या होत्या. एक म्हणजे तो कुणाला धडकला तर थांबतो, त्यामुळे योग्य ती धोक्याची तपासणी केल्यावर बऱ्याच कामांत त्याला पिंजऱ्याबाहेर, माणसाशेजारी ठेवता येतं. दुसरी गोष्ट, त्याला शिकवण्यासाठी तज्ज्ञ लागेलच असं नाही. हाताला धरून हव्या त्या जागी न्यायचं, टीच पेंडंटवर, म्हणजे हातात धरायच्या नियंत्रण-पाटीवर, ती जागा नोंदवायची आणि पुढच्या जागेकडे जायचं. अशा रोबोला ‘कोबॉट’ म्हणतात. तो माणसाशेजारी असताना किती जोराने लागला तर चालेल, याचे आंतरराष्ट्रीय निकष २०१६ मध्ये ठरले.

भारतात हे हात लवकर आणणाऱ्यांत बजाज ऑटो होती. २०१० पासून कंपनीने ते घ्यायला सुरुवात केली आणि चाकणसारख्या तिच्या कारखान्यांत त्यांची संख्या शंभराच्या पुढे गेली. मोटारसायकलचे अनेक नमुने एकाच ओळीत बनतात, जागा आखूड असते आणि काम वारंवार बदलतं. अशा ठिकाणी जमिनीत रोवलेल्या, जाळीबंद रोबोपेक्षा उचलून दुसरीकडे नेता येणारा हात उपयोगी पडला. शारीरिक ताकदीचं काम हाताकडे गेल्यावर जोडणीच्या ओळीवर महिलांची संख्याही वाढली.

पुढे देशी हात स्वस्तात बनवण्याचा प्रयत्नही पुण्यातच झाला. टाटा समूहातल्या टाल मॅन्युफॅक्चरिंग सोल्युशन्सने ‘ब्राबो’ नावाचा रोबो तयार केला. २ किलो आणि १० किलो वजन पेलणारे असे त्याचे दोन प्रकार होते आणि किंमत साधारण पाच ते सात लाखांच्या घरात होती. लहान-मध्यम उद्योग हाच त्याचा ग्राहक ठरवलेला होता. तरीही गाळ्यांच्या रांगांत असा हात आज शोधूनच पाहावा लागतो. हाताची किंमत पाडली तरी हाताभोवतीचा खर्च आणि ऑर्डर बदलल्यावरची खटपट तशीच राहते. स्वस्त हात ही गरज होती, पण ती पुरेशी नव्हती.

शिकवणं स्वस्त होतंय

आता बदल घडतोय तो नेमका याच ठिकाणी. १९८० च्या दशकात हान्स मोरावेक या संशोधकाने एक विसंगती मांडली: संगणकाला बुद्धिचाचण्या सोडवायला किंवा चेकर्ससारखा खेळ खेळायला शिकवणं सोपं, पण वर्षाच्या बाळासारखं पाहणं, उचलणं, चालणं शिकवणं महाकठीण. प्रत्येक हालचालीचे नियम माणसाने लिहायचे म्हटलं, तर ते संपतच नाहीत. गेल्या काही वर्षांत नियम लिहिणं मागे पडून उदाहरणं दाखवण्याची पद्धत पुढे आली.

ज्या तंत्राने संगणक भाषा शिकला, तेच तंत्र हालचालींना लावलं जातंय. गूगल डीपमाइंडने जुलै २०२३ मध्ये ‘आरटी-२’ नावाची प्रणाली दाखवली. कॅमेऱ्याचं चित्र आणि साध्या भाषेतली सूचना आत जाते, हाताची हालचाल बाहेर येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये फिजिकल इंटेलिजन्स या अमेरिकी कंपनीच्या प्रणालीने ड्रायरमधून कपडे काढून घड्या घातल्या. कपडा दर वेळी वेगळ्या आकारात पडतो, त्यामुळे जुन्या रोबोला हे काम अशक्यच होतं. ॲमेझॉनने मे २०२५ मध्ये ‘व्हल्कन’ हा स्पर्शाची जाणीव असलेला हात जाहीर केला. खच्चून भरलेल्या कप्प्यात वस्तू सारताना किती जोर लागतोय, ते त्याला कळतं.

गाळ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा: क्रेटमध्ये कसाही पडलेला माल कॅमेऱ्याने ओळखून उचलणारा हात मिळाला, तर फिक्श्चरचा खर्च वाचतो. कामगाराने दहा-वीस वेळा करून दाखवलेलं काम हाताने उचललं, तर प्रोग्रॅमिंगचे दिवस वाचतात. यंत्र विकत न घेता महिन्याच्या भाड्याने मिळालं, तर वीस लाखांचा डोंगर उरत नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच मघाचा शेठचा हिशेब उलटतो.

हे लगेच घडेल असं मात्र नाही. प्रयोगशाळेत शंभरात नव्याण्णव वेळा यश मिळालं की टाळ्या पडतात. गाळ्यात दर दहा सेकंदाला एक नग निघत असेल, तर तासाला ३६० नग होतात आणि त्यातल्या एक टक्का चुका म्हणजे तासाला साडेतीन वेळा यंत्र अडणं. प्रत्येक वेळी कोणीतरी उठून जायचं असेल, तर त्या माणसाने ते काम स्वतःच केलेलं बरं. ९९ वरून ९९.९ वर आणि तिथून पुढे जाणं ही या उद्योगाची खरी लढाई आहे. तिची चित्रफीत कुणी पुढे पाठवत नाही, कारण तिच्यात पाहण्यासारखं काहीच नसतं.

उदाहरणं दाखवून शिकवायचं, तर उदाहरणं लागतात. भाषेसाठी अख्खं इंटरनेट उपलब्ध होतं. हातांच्या हालचालींचा असा साठा कुठेच नव्हता. म्हणून तो आता तयार केला जातोय, आणि त्यात भारतही आहे. तमिळनाडूत करूरला तरुण कामगार डोक्यावर कॅमेरा बांधून टॉवेलच्या घड्या घालतात आणि त्या चित्रणावरून परदेशातले रोबो शिकतात. हाताच्या कौशल्याला असं नवं गिऱ्हाईक मिळालंय. मात्र टॉवेल एकदा घडी केला की त्याची मजुरी एकदाच मिळते, आणि त्यावरून शिकलेली प्रणाली हजारो यंत्रांत वर्षानुवर्षं चालते. त्या कौशल्याची किंमत कशी ठरवायची, यावर अजून कुठला कायदा बोलत नाही.

दोन पायांचा मोह

मग मानवाकृती रोबोंचं काय? त्यांच्या बाजूने एक युक्तिवाद वजनदार आहे. जग माणसाच्या मापाने बांधलंय: दारं, जिने, हत्यारं, मुठी. माणसाच्या आकाराचं यंत्र बनवलं, तर कारखाना बदलावा लागणार नाही. किमतीही वेगाने उतरल्या. चीनच्या युनिट्री कंपनीने २०२४ मध्ये आपला ‘जी-१’ १६ हजार डॉलरपासून, तर २०२५ मध्ये ‘आर-१’ ५,९०० डॉलरपासून विकायला काढला.

पण खुद्द कामाचा अनुभव अजून तुटपुंजा आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका गोदामात ‘डिजिट’ नावाचे दोन पायांचे रोबो २०२४ पासून व्यावसायिक करारावर काम करू लागले. त्यांचं काम प्लास्टिकचे क्रेट एका जागेहून दुसरीकडे नेण्याचं. एप्रिल २०२५ मध्ये बीजिंगला रोबोंची अर्धमॅरेथॉन झाली. २१ रोबो धावायला उतरले आणि मोजकेच शेवटपर्यंत पोचले. पहिला आलेला ‘तिएनगोंग’ सुमारे २ तास ४० मिनिटांत आला, तोही वाटेत बॅटऱ्या बदलून आणि एकदा पडून. ही थट्टा करण्याची गोष्ट नाही. काही वर्षांपूर्वी असा रोबो रस्त्यावर एवढं अंतर धावू शकला नसता. पण आठ तासांची पाळी, धूळ, तेल आणि मे महिन्यातला पत्र्याखालचा उकाडा ही वेगळी परीक्षा आहे. गाळ्याला पाय लागत नाहीत. त्याला टेबलाला बोल्टने बसवलेला, न थकणारा, समजूतदार एक हात हवाय.

चाकांवरचे रोबो मात्र आपल्या अगदी जवळ येऊन पोचले आहेत. चिंचोटी-कामण रस्त्याने भिवंडीकडे गेलं की देशातल्या सर्वांत मोठ्या गोदामपट्ट्यांपैकी एक लागतो. गोदाम ही रोबोला सोयीची जागा आहे: सपाट फरशी, ठरलेले खोके, प्रत्येकावर बारकोड. ॲमेझॉनने २०१२ मध्ये किवा सिस्टिम्स ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरला घेतली आणि २०२५ मध्ये आपल्याकडे दहा लाख रोबो झाल्याचं जाहीर केलं. भारतात पार्सलं पत्त्यानुसार वेगळी करणारे छोटे रोबो बनवणारी अनबॉक्स रोबोटिक्स आणि फरशी पुसणारे रोबो बनवणारी पेपरमिंट या पुण्यातल्या कंपन्या आहेत. घरपोच मालाची सवय वाढेल तसं हे क्षेत्र आधी भरेल.

हात कोणाचा, सांधा कोणाचा

आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये जगभर सुमारे ५ लाख ४२ हजार औद्योगिक रोबो बसवले गेले. त्यातले सुमारे २ लाख ९५ हजार एकट्या चीनमध्ये होते. भारताचा आकडा ९,१०० च्या आसपास. वाढ चांगली आहे, क्रमांकही वर चढतोय, तरी आपल्या एका रोबोमागे चीन बत्तीस बसवतो. आपल्याकडे बसणाऱ्या रोबोंतही मोठा वाटा मोटार उद्योगाचा आहे.

चीनने नुसते रोबो बसवले नाहीत, तो ते बनवूही लागला. जर्मनीची कुका कंपनी २०१६-१७ मध्ये चिनी मायडिया समूहाच्या ताब्यात गेली. चीनमध्ये बसणाऱ्या रोबोंतले निम्म्याहून जास्त आता तिथल्याच कंपन्यांचे असतात. जुन्या कंपन्यांचे मालकही बदलताहेत: ऑक्टोबर २०२५ मध्ये एबीबीने आपला रोबो विभाग जपानच्या सॉफ्टबँकेला ५.३७५ अब्ज डॉलरला विकण्याचा करार केला.

रोबो-हात उघडून पाहिला तर प्रत्येक सांध्यात सर्व्हो मोटार आणि गती कमी करून जोर वाढवणारा रिड्यूसर दिसतो. उत्तम रिड्यूसर बनवण्यात जपानने अनेक दशकं आघाडी राखली. मोटारीतली शक्तिशाली चुंबकं दुर्मीळ मृदा धातूंची, आणि त्यांच्या प्रक्रियेवर चीनची जवळपास मक्तेदारी. एप्रिल २०२५ मध्ये चीनने या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा पुण्याच्या विजेवरच्या स्कूटरचं उत्पादनही अडलं. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने देशात अशी चुंबकं बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. स्कूटरला लागतं तेच चुंबक रोबोच्या सांध्यालाही लागतं.

इथे वसईसारख्या पट्ट्याला दुसरी भूमिका मिळू शकते. डायमेकर, टूलरूम, व्हीएमसी (संगणकाने चालणारं कटाई यंत्र) चालवणारे, गिअर कापणारे हात या पट्ट्यात आहेत. ग्रिपर, फिक्श्चर, सांध्यांची आवरणं, केबलचे भाग ही कामं लहान संख्येत, नेमक्या मापाने आणि झटपट करून हवी असतात, आणि ते तर गाळ्याचं जुनंच बलस्थान. रोबो विकत घेण्याआधी रोबोचे सुटे भाग विकणं, हा या पट्ट्यासाठी जास्त जवळचा रस्ता असू शकतो.

नोकरी जाते कुठून?

‘रोबो आला की माणूस जातो’ हे वाक्य सोपं आहे, पण खरी वाट थोडी वळणाची आहे. फ्रान्समधल्या ५५,३९० उत्पादक कंपन्यांचा एक अभ्यास दारोन असेमोग्लू आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. २०१० ते २०१५ या काळात त्यांतल्या ५९८ कंपन्यांनीच रोबो घेतले. त्या कंपन्यांत नोकऱ्या घटल्या नाहीत, उलट वाढल्या. घटल्या त्या रोबो न घेतलेल्या स्पर्धकांकडे, आणि एकूण बेरीज उणे निघाली. ज्यांच्याकडे यंत्र आलं त्यांचा माल स्वस्त आणि सरस झाला, ऑर्डर त्यांच्याकडे गेल्या.

वालीवच्या गाळ्यासाठी ही धोक्याची घंटा आहे. तिथल्या हेल्परची नोकरी घालवायला रोबो त्या गाळ्यात यायची गरज नाही. तो चाकणला, सिल्वासाला किंवा शेन्झेनला लागला आणि झाकणाचा नग दहा पैशांनी स्वस्त झाला, तरी ऑर्डर जाते आणि तिच्या मागोमाग गाळ्याचं शटर. कामगाराला मात्र कारण कळत नाही. ‘मंदी आहे’ एवढंच त्याला सांगितलं जातं.

गाळ्यात रोबो आला, तर आधी जाणारं काम म्हणजे माल काढणं, लावणं, रचणं, मोजणं. राहणारं काम म्हणजे डाय बसवणं, बिघाड ओळखणं, मालातला दोष नजरेने पकडणं, यंत्राला नवं काम दाखवणं. अडचण अशी, की हेल्परपणा हीच आजवर शिकण्याची पहिली पायरी होती. दोन-चार वर्षं माल काढता काढता मुलगा यंत्र समजून घ्यायचा आणि ऑपरेटर व्हायचा. खालची पायरीच काढून घेतली तर वरच्या पायरीवर चढायचं कसं? आयटीआयमध्ये औद्योगिक रोबोटिक्सचा अभ्यासक्रम आता आहे, पण तुळिंजच्या चाळीतल्या, दहावीनंतर लगेच कामाला लागलेल्या मुलाला पूर्ण वर्ष बिनपगारी शिकणं परवडत नाही. संध्याकाळचे, कामगाराला जमतील असे वर्ग आणि पाच-दहा गाळ्यांनी मिळून ठेवलेला एक सामाईक हात, एवढ्या गोष्टी वसाहतींच्या संघटनांना आज करता येण्यासारख्या आहेत.

जिथे तो सर्वांत आधी हवा होता

आता उरलं ते काम, ज्यात नोकरी वाचवण्याचा प्रश्नच नाही. वसई-विरारच्या असंख्य इमारतींखाली सेप्टिक टँक आहेत. त्यांत गाळ कुजताना हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की आधी वास येणं बंद होतं, म्हणजे धोका संपल्याचा भास होतो, आणि मग काही श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तसाच पडतो. एप्रिल २०२४ मध्ये विरारच्या ग्लोबल सिटी भागात सांडपाणी प्रक्रिया केंद्रात उतरलेले चार कामगार असेच गेले.

यावर तंत्रज्ञान आहे. बहुतेक टाक्यांना शोषण पंपाचा टँकर आणि दाबाच्या पाण्याचा फवारा पुरतो. घट्ट गाळ उपसण्यासाठी केरळमधल्या जेनरोबोटिक्सने ‘बँडिकूट’ हा रोबो बनवला. २०१८ पासून तो तिरुअनंतपुरमच्या मॅनहोलमध्ये उतरतोय. कॅमेरा, वायू ओळखणारे सेन्सर आणि गाळ उचलणारा हात खाली जातो, चालवणारा वर उभा राहतो. कायदाही आहे. २०१३ च्या कायद्याने संरक्षणाशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवण्यावर बंदी घातली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्याचा आदेश दिला.

मग तारापूरमध्ये घडलं ते या टाक्यांपाशी का घडत नाही? दोन्हीकडे डोळ्यांना न दिसणारं विष आहे, दोन्हीकडे नियम आहे. फरक एवढाच, की तारापूरला प्रत्येक माणसाची मात्रा मोजली जाते आणि मर्यादा ओलांडली तर जाब द्यावा लागतो. टाकीपाशी उतरणारा माणूस ठेकेदाराच्या ठेकेदाराचा असतो, त्याचं नाव कुठल्या वहीत नसतं, आणि त्याची रोजची मजुरी टँकरच्या एका फेरीहून कमी असते. बाजाराच्या हिशेबात तो स्वस्त पडतो, म्हणून यंत्र येत नाही.

रोबो-उद्योगाच्या वाटचालीचा सगळ्यात मोठा धडा इथे आहे. यंत्र आपणहून गरजेच्या जागी जात नाही. जिथे माणसाचा वेळ किंवा जीव महाग धरला जातो तिथे ते जातं. हात स्वस्त होतील, शिकवणं सोपं होईल, भाड्याने रोबो मिळू लागेल. या गोष्टी जगात कुठेतरी ठरणार आहेत आणि त्यांच्यावर आपला फारसा ताबा नाही. माणसाला टाकीत उतरवणं महाग करायचं, हे मात्र सोसायटीच्या वार्षिक सभेत, महापालिकेच्या निविदेत आणि पोलिसांच्या गुन्हा नोंदवहीत ठरतं. तेवढं ठरलं, तर या पट्ट्यातला पहिला रोबो कुणाची नोकरी खाणारा नसेल. आणि नाही ठरलं, तर झाकणं रचणारे हात गाळ्यात येतील, पण टाकीत माणूसच उतरत राहील.